करूळ घाटातला देखावा

गगनबावड्याच्या स्टँडवर एस.टी. थांबली. सगळ्यांच्या आधी मी उतरलो आणि चौकशीच्या खिडकीशेजारच्या भिंतीला पाठ टेकून उभा राहिलो. भिंत हलत नव्हती. त्या क्षणी मला आयुष्याकडून आणखी काही नको होतं.

"तोंड पूस," आई म्हणाली. तिनं नळावर पदराचं टोक ओलं करून आणलं होतं. "आणि गाल जरा चोळ. रंग यायला पाहिजे."

"कसला रंग?"

"माणसाचा."

दौलतमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, हातात चहाचे ग्लास घेऊन आला. "घे मर्दा, गरम हाय." दुधाचा वास नाकात गेला आणि मी भिंतीकडे तोंड फिरवलं. मामानं माझा चहाही पिऊन टाकला.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. दिवसभर टेबलावर वाकून कालव्यांचे आणि रस्त्यांचे नकाशे काढायचो. कागदावर वळणं काढताना मला कधी काही झालं नाही. पण तेच वळण चाकांवर बसून घेतलं की पोटातलं सगळं गळ्याशी येऊन उभं राहायचं. लहानपणापासूनचा हा त्रास. लग्न ठरवायची वेळ आली तेव्हा तो नुसता त्रास राहिला नाही, अडथळा झाला. पहिल्या ठिकाणी मुलगी पाहायला गेलो, तर माझा चेहरा बघून मुलीच्या काकांनी मामाला पडवीत नेऊन विचारलं, "कावीळ कधी झाली होती?" दुसऱ्या ठिकाणी जाताना मी उलटीची गोळी घेतली. उलटी झाली नाही, पण मुलगी पोहे घेऊन बाहेर आली तेव्हा मी भिंतीला डोकं टेकून घोरत होतो. त्यांनी कळवलं, मुलगा शांत आहे, पण आमच्या मुलीला जरा बोलकं माणूस हवं.

या वेळी मला नकार नको होता. फोटो आला होता. त्यातली मुलगी कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. कोणीतरी बाजूला काहीतरी बोललं असावं, आणि ती हसू दाबायचा प्रयत्न करत होती. मी तो फोटो ऑफिसात टाचण्यांच्या डबीखाली ठेवला होता. त्यामुळे त्या आठवड्यात मला वारंवार टाचण्या लागत होत्या.

"आता ऐक," आई म्हणाली. "गाडीचं नाव काढायचं नाही. लग्न झाल्यावर त्यांना कळेल तेव्हा कळेल."

मामानं ग्लास खाली ठेवला. "मी तर सांगून टाकलंय."

"काय सांगून टाकलंयस?"

"परवा फोन केला तवा. म्हटलं, मुलगा निर्व्यसनी हाय, नोकरी सरकारी हाय, फकस्त एक गोष्ट आधीच कानावर घालतो. मुलाला गाडी लागते. लपवाछपवी नको, अक्का. आणि आधी कळलं तर पुढची सीट तरी देतील."

आईनं डोळे मिटले. "मग? काय म्हणाले?"

"काही म्हणाले न्हाईत. बराच वेळ काही म्हणाले न्हाईत. मला वाटलं फोनच कटला. मग म्हणाले, 'बघू या, काय जमतं ते.'"

"म्हणजे माणूस समजूतदार दिसतोय," आई म्हणाली.

तेवढ्यात धुक्यातून एक जीप आली.

दसरा होऊन गेला होता, पण गगनबावड्यात सकाळचं धुकं अजून होतं. जीप निळ्या रंगाची होती. बॉनेट इतकं पुसलेलं, की त्यात स्टँडवरची केळीची गाडी उलटी दिसत होती. आतून उतरले जयराम रावराणे, मुलीचे वडील. बांधा आटोपशीर, पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल. आयुष्यभर घाटात गाडी चालवलेला माणूस. आधी दुसऱ्यांचे ट्रक चालवले, मग ही जीप घेतली आणि वैभववाडीला स्टँडवर लावली. हे सगळं मला मामाकडून कळलं होतं. मामानं सांगितलं नव्हतं ते एवढंच, की पुढच्या सीटवर कोणीतरी बसलेलं असेल.

"या, या," रावराणे म्हणाले. हसले, पण त्यांचं हसू ओठांपर्यंतच आलं. त्यांनी आईला नमस्कार केला, मामाशी हात मिळवला आणि माझ्याकडे पाहिलं. दुकानदार मोठ्या उधारीच्या गिऱ्हाइकाकडे बघतो तसं. "ही आमची कुंदा. इथल्या दवाखान्यात नर्स आहे, आत्याकडे राहते. दर रविवारी मी तिला न्यायला वर येतो. आज म्हटलं, तुम्हीही आहात, तर एकाच फेरीत..."

आईचा चेहरा पडला. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम खाली, त्यांच्या घरी ठरला होता. साडी, पोहे, पाट, सगळं रीतीनं. आणि इथे मुलगी पंजाबी ड्रेस घालून, ओढणी नाकापर्यंत ओढून जीपमध्ये समोर बसलेली.

"हे बरोबर न्हाई," आई मामाच्या कानात म्हणाली. तिचं कानात बोलणं सगळ्या स्टँडला ऐकू यायचं.

मामानं तोडगा काढला. मामा पंचायत समितीत होता, त्याला तोडगे यायचे. "हे बघा," तो मोठ्यानं म्हणाला, "कार्यक्रम घरी. तोवर मुलगी अजून बघितलेली न्हाई असं समजायचं. मुलानं तिकडं बघायचं न्हाई, मुलीनं इकडं बघायचं न्हाई. आपापसात बोलायचं न्हाई. काय?"

"चालेल," रावराणे म्हणाले.

पुढच्या सीटवर ओढणीच्या वरून फक्त दोन डोळे दिसत होते आणि ते समोर काचेवर खिळलेले होते. मला वाटलं, किती संयमी मुलगी आहे.

"मुलाला पुढं बसवलं तर..." मामानं सुरुवात केली.

"पुढे कुंदाच बसते," रावराणे ठामपणे म्हणाले. "एवढीशी होती तेव्हापासूनची तिची जागा ती. तिला देखाव्याचं भारी वेड. माझी पोर गाडीतच वाढली म्हणा ना."

आम्ही मागे बसलो. मागची बाकडी आडवी, एकमेकांसमोर. म्हणजे गाडी पुढे जाणार आणि मी बाजूला तोंड करून जाणार. ज्याला गाडी लागते त्याच्यासाठी याहून वाईट जागा एकच, टपावरची. माझ्या समोर आई आणि मामा होते, मामाच्या पिशवीत मिठाई होती आणि मिठाईला तुपाचा वास होता.

गाव संपलं. रस्ता एकदम खाली वळला.

"मामांनी सांगितलं फोनवर," रावराणे गिअर बदलत म्हणाले. "गाडी लागते म्हणून."

"हो," मी म्हणालो. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "लागते."

"ऑफिसच्या कामाला लागते, की हौस म्हणून?"

प्रश्न मला जरा विचित्र वाटला. "हौस कसली? माझ्या हातात काही नाही त्यात. लहानपणापासून लागते."

"लहानपणापासून!"

"वडिलांनाही लागायची."

"म्हणजे घराण्यातच आहे म्हणा."

"आहे तर," आई पुढे सरसावली. गोष्ट उघड झालीच आहे तर ती खानदानी तरी ठरावी असं तिला वाटलं असावं. "ह्याच्या आजोबांना तर बैलगाडीसुद्धा लागायची."

"त्या काळात बैलगाडीच असणार," रावराणे म्हणाले. एक वळण गेलं, दुसरं गेलं. "नवी लागते, की जुनीसुद्धा?"

"नवी जास्त लागते," मी म्हणालो. सीटच्या रेक्झिनच्या वासामुळे, असं पुढे सांगणार होतो, पण जीप उजवीकडे वळली आणि मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"आणि जीप? जीप कशी काय?"

"जीप तर फारच लागते."

बॉनेटकडे बघत रावराण्यांनी स्टीअरिंगवरून हळूच हात फिरवला. घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा. "सायकल वगैरे..."

"सायकल नाही लागत. ऑफिसला मी सायकलनंच जातो."

"मग तेच बरं नाही का? तब्येतीलाही चांगलं."

"बरं आहे. पण उद्या बायको-मुलं झाल्यावर सायकलवर कुठवर भागणार?"

"तेही खरंच," रावराणे म्हणाले आणि त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. "रेल्वे?"

"रेल्वे अजिबात लागत नाही."

आरशातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नशीब आमचं."

मला वाटलं, किती आस्थेनं चौकशी करतोय हा माणूस. इतक्या बारकाईनं आमच्या डॉक्टरांनीही कधी विचारलं नव्हतं.

"बाबा," पुढून घाईघाईनं आवाज आला. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "थांबवा ना जरा. देखावा बघू."

जीप कठड्याशी थांबली. पुरती थांबायच्या आत कुंदा खाली उतरली होती. दुसरा मी. ती कठड्याच्या एका टोकाला गेली, मी दुसऱ्या. दोघांनीही दगड घट्ट धरले आणि दरीत पाहिलं.

दरीत धुकं होतं. धुक्याच्या खाली धुकं होतं. कठड्यापासून हातभर अंतरावर एक करवीचं झुडूप दिसत होतं. त्यापलीकडे जग संपलं होतं.

"काय सुंदर!" कुंदा दरीला उद्देशून म्हणाली. माझ्याशी बोलायला बंदी होती.

"फारच सुंदर," मीही दरीलाच सांगितलं.

"किती खोल असेल."

"बरीच असेल."

आम्ही दोघंही लांब लांब श्वास घेत होतो. गार हवा छातीत जात होती. वाऱ्याबरोबर तिच्या बाजूनं लिंबाचा वास आला. काय सुरेख अत्तर लावते ही, मी मनात म्हटलं. आणि मग मनात आलं, ही मुलगी खरी निसर्गवेडी आहे. धुक्यातही तिला सौंदर्य दिसतंय. उद्या लग्न झालं तर ही दर सुट्टीला मला डोंगरदऱ्या दाखवत फिरवणार. कशानं फिरवणार? गाडीनं. पण फोटोतलं ते दाबलेलं हसू आठवलं. मी ठरवलं, फिरेन. मरेन, पण फिरेन.

मागे जीपमध्ये आई विचारत होती, "काय दिसतंय काय एवढं?"

"ढग," मामा म्हणाला.

"ढग काय कोल्हापुरात न्हाईत?"

"इथं खालून दिसत्यात, अक्का. म्हणजे वरून."

रावराणे स्टीअरिंगशी बसूनच होते. "आमच्या कुंदाचं हे असंच," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं आणि काहीतरी जड होतं. "प्रत्येक वळणावर थांबावं लागतं. स्टँडवरचे ड्रायव्हर हसतात मला. मी म्हणतो, हसा. तुम्हाला घाट म्हणजे डिझेल, माझ्या पोरीला घाट म्हणजे देखावा." मग माझ्याकडे बघून जरा नरम झाले. "तुम्हालाही आवड दिसते."

"फार," मी म्हणालो. "थांबलो की बरं वाटतं."

हे मी अगदी खरं बोललो.

पुन्हा निघालो. आता रस्ता आणखी वळायला लागला. रावराणे गाडीबद्दल बोलत होते, पण आता विचारत नव्हते, सांगत होते. इंजिन गेल्याच वर्षी उघडून केलंय. टायर चारी नवे आहेत. चढाला कधी दमली नाही. एकदा पावसात दरड कोसळली तेव्हा एका बाळंतिणीला घेऊन ही जीप आडवाटेनं वर आली होती. मुलगा झाला, त्याचं नाव जयरामच ठेवलं. "या गाडीवर आमचं घर चालतं बघा," ते म्हणाले. "म्हणजे, चाललं."

"चांगली आहे गाडी," मी दातांच्या फटीतून म्हणालो.

"मग ही चालेल तुम्हाला?"

मला वाटलं, ते विचारतायत की या गाडीत मला ठीक वाटतंय का. यजमानाला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलायचं मनात आलं, पण त्यासाठी तोंड जास्त उघडावं लागलं असतं.

"हीपण लागतेच," मी म्हणालो.

"हीपण?" रावराण्यांनी मान वळवली. समोर वळण होतं, ती लगेच पुन्हा सरळ केली. "म्हणजे... ही आणि आणखी एक?"

"कोणतीही असो. सगळ्याच लागतात."

यानंतर रावराणे जोरात चालवायला लागले. पुढचं वळण आलं तेव्हा मामाची पिशवी आईच्या मांडीवर गेली आणि त्यापुढचं आलं तेव्हा परत मामाकडे. पुढच्या सीटवर कुंदानं खिडकीची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. तिचे खांदे काहीतरी मोठं आवरून धरल्यासारखे ताठ होते. मला वाटलं, रागावली. कशावर, ते कळेना.

"बाबा. धबधबा."

पुन्हा थांबलो. पुन्हा दोघं पळालो. या खेपेला धुकं विरळ होतं आणि समोर डोंगराचा काळा कडा दिसत होता. पूर्ण कोरडा.

"धबधबा छान आहे," ती म्हणाली.

"फार छान," मी म्हणालो.

मग, सगळे नियम मोडून, तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, रुग्णाकडे बघावं तसं. कपाळ, ओठ, कठड्यावर पांढरी पडलेली माझी बोटं. तिच्या ओढणीत काहीतरी गुंडाळलेलं होतं. त्यातून तिनं आल्याच्या वडीचा तुकडा काढला आणि आम्हा दोघांच्या मधल्या दगडावर ठेवला. दरीकडे तोंड करून म्हणाली, "गार हवेत बरी असते."

मी तो तोंडात टाकला. आल्याचा तिखटपणा घशातून उतरला आणि पोट क्षणभर गप्प झालं. तेव्हा मला एवढंच वाटलं, की ही बाई माझी झाली पाहिजे.

"दिन्या!" आई ओरडली. "तू तिकडं बघतोयस!"

"दरीकडे बघतोय, आई."

"दरी ह्या बाजूला हाय!"

घाट जवळजवळ संपला तिथे, शेवटून दुसऱ्या वळणावर, रावराण्यांनी स्वतःच गाडी थांबवली. कुंदानं काही म्हटलं नव्हतं. खाली ऊन पडलं होतं आणि पिकलेली भातखाचरं दिसायला लागली होती. निदान इतरांना.

"तुम्ही जरा खाली या," ते मला म्हणाले.

मी उतरलो. मला उतरायला कोणीही, कुठेही सांगितलं असतं तरी उतरलो असतो. रावराणे मला जीपच्या मागे घेऊन गेले. आल्याच्या वडीचा अंमल संपत आला होता.

"हे बघा," ते म्हणाले. "मी हुंडा देणार नाही म्हणून गावभर सांगत फिरलेला माणूस. तीन ठिकाणं आली, कोणी सोनं मागितलं, कोणी काय. मी हात जोडून परत पाठवली. पण तुमचा फोटो बघून कुंदा म्हणाली, 'हा चालेल.' तिनं आजवर कधी काही मागितलं नाही माझ्याकडे. म्हणून, मामांचा फोन आल्यापासून झोपलो नाही मी." त्यांनी खिशातून किल्ली काढली. पितळेची साखळी, तिला एक छोटी घंटी. "दोन गाड्या मला जमायच्या नाहीत. आहे ती ही एवढीच. ही घ्या. फक्त एक मागणं आहे. लग्न होईपर्यंत माझ्याकडे राहू द्या. वऱ्हाड मला माझ्याच गाडीतून न्यायचंय."

मला ऐकू येत होतं. काय ऐकतोय ते मात्र समजत नव्हतं. हुंडा? कसला हुंडा? किल्ली कशाला? मला विचारायचं होतं, पण गळ्याशी जे आलं होतं ते शब्द नव्हते. मी एका हातानं तोंड झाकलं आणि दुसऱ्या हातानं किल्ली मागे सारली.

"नको?" रावराण्यांचा चेहरा पांढरा पडला. "कमी पडते?"

मी जोरजोरात मान हलवली. मान हलवणं ही चूक होती.

किल्ली वाचली. रावराण्यांच्या चपला वाचल्या नाहीत. जीपचं मागचं चाक वाचलं नाही, आणि मडगार्डवर पांढऱ्या अक्षरांत 'आईचा आशीर्वाद' लिहिलं होतं, तेही नाही.

मागच्या बाकड्यावरून मामा डोकावला. त्याला सगळ्यात जास्त समाधान झालेलं दिसत होतं. "बघा!" तो म्हणाला. "मी फोनवर म्हटलं नव्हतं? मुलाला गाडी लागते!"

रावराणे आपल्या चपलांकडे बघत उभे राहिले. मग माझ्याकडे. मग हातातल्या किल्लीकडे. शब्द त्यांच्या डोक्यात एकेक करून परत जागेवर बसताना दिसत होते.

"अशी?" ते शेवटी म्हणाले. "अशी लागते?"

मी कठड्याला धरून होकार दिला.

"आणि वडिलांना... आजोबांना बैलगाडी..."

"सगळ्यांनाच," आई म्हणाली. "सांगितलं की तुम्हाला."

"नवी जास्त लागते!" रावराणे म्हणाले आणि कठड्यावर बसले. "रेल्वे लागत नाही!" मग ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, किल्ली एकदा कपाळाला लावली आणि ती वरच्या खिशात टाकून बटण लावलं. मी इतक्या घाईनं लावलेलं बटण पुन्हा पाहिलं नाही.

पण हसू ओसरलं तसा त्यांच्या कपाळावर नवा विचार आला. "पण मामा," ते म्हणाले, "हे कसं जमायचं? ड्रायव्हरचा जावई आणि जीपमध्ये बसला की ओकतो. स्टँडवर मला जगू देतील का? आणि माझी कुंदा अशी, गाडीत वाढलेली, घाटाची वेडी. तिचं या माणसाबरोबर सगळं आयुष्य घरात..."

गाडी मागणारा म्हणून त्यांनी मला पत्करलं होतं, आणि गाडी सोसत नाही म्हणून आता नाकारत होते. मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. पण माझ्या आधी जीपच्या पलीकडच्या बाजूनं आवाज आला.

तो आवाज मी कुठेही ओळखला असता. तो माझाच आवाज होता, फक्त बाईचा.

रावराणे धावत पलीकडे गेले. कुंदा मैलाच्या दगडाला धरून वाकली होती. ओढणीतून अर्ध्या लिंबाची फोड खाली पडली होती. आई तोवर उतरून तिच्याजवळ पोचली होती आणि तिची पाठ चोळत होती, रीतभात विसरून. "घाबरू नकोस बाळ. येऊ दे सगळं. ह्याचं बघून तुला झालं."

"ह्यांचं बघून नाही," कुंदा म्हणाली. तिनं तोंड पुसलं. "मला लागतेच."

"काय लागता?" रावराण्यांनी विचारलं. आता त्यांचा या शब्दावरचा विश्वास उडाला होता.

"गाडी. पोटात लागते, बाबा. लहानपणापासून."

"तुका? गाडी?" रावराण्यांची भाषा एकदम घरची झाली. "माझ्या चेडवाक गाडी लागता? आणि माका कधी सांगलंस नाय गो?"

"कसं सांगणार? तुम्ही स्टँडवर सगळ्यांना सांगत होतात, माझी पोर गाडीतच वाढली. आठवड्यातली ती एकच फेरी तुम्ही भाडं न घेता करता, बॉनेट पुसून येता. सांगितलं असतं तर आला असतात का मला न्यायला?"

रावराण्यांना एकदम आठवलं. "मग इतकी वर्षं तो... प्रत्येक वळणाचो देखावो?"

"देखावाच होता, बाबा," कुंदा म्हणाली.

मामा आधी हसला. मग आई. रावराणे शेवटी हसले, पण त्यांनी आधी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

मी पाणी पिऊन थोडा माणसात आलो होतो. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मी कुंदाला विचारलं. "मी काय सांगतोय ते?"

"पहिल्याच वळणावर कळलं. पण बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तुला कसं कळलं? म्हटलं, घरी जमिनीवर पाय ठेवला की सांगू. गाडीत तोंड उघडायची सोय नव्हती." आणि ती फोटोतलं हसू हसली. या खेपेला तिनं ते दाबलं नाही. "किल्ली देतील असं वाटलं नव्हतं मला. तुम्ही घेतली असती तर मात्र नाही म्हणणार होते."

"मला वाटलं तुम्ही निसर्गवेड्या आहात."

"मलाही वाटलं होतं. धबधबा आवडला म्हणालात तोवर."

"आता काय करायचं?" रावराण्यांनी विचारलं. "घर अजून लांब आहे."

"चालत जाऊ द्या दोघांना," मामा म्हणाला. "तुम्ही गाडी मागून हळू आणा."

"आणि कार्यक्रम?" रावराण्यांनी आईकडे पाहिलं. "मुलगी अजून बघितलेली नाही ना?"

आईनं माझ्याकडे पाहिलं, कुंदाकडे पाहिलं, मडगार्डकडे पाहिलं. "आता आणखी काय बघायचं राहिलंय?" ती म्हणाली आणि जाऊन पुढच्या सीटवर बसली.

आम्ही घाट उतरून चालत निघालो, मागून जीप पहिल्या गिअरमध्ये. घरी पाट मांडला होता, पोहे झाले होते. दोघांच्यानंही खाल्ले गेले नाहीत.

लग्नाचं वऱ्हाड रावराण्यांनी त्यांच्याच जीपमधून आणलं. नवरा-नवरी एस.टी.नं गोळ्या घेऊन गेले आणि सगळा प्रवास एकमेकांच्या खांद्यावर झोपून केला. पुढे जीप गेली, दुसरी आली, सासरे थकले. पण त्यांनी चालवणं सोडेपर्यंत आम्ही घाटात असलो की ते आपणहून, कोणी न सांगता, प्रत्येक वळणावर गाडी कठड्याला लावत. काचा खाली करून म्हणत, "चला, देखावो बघा." आणि स्टँडवरच्या ड्रायव्हरांना त्यांनी शेवटपर्यंत हेच सांगितलं, की जावईही मुलीसारखाच निघाला, देखाव्याचा वेडा.

आता त्या शेवटून दुसऱ्या वळणावर रस्ता रुंद केलाय. लोखंडी रेलिंग आहे, मक्याची कणसं भाजणारी एक बाई बसते, लोक रांगेनं फोटो काढतात. गेल्या दिवाळीत आम्ही तिथे थांबलो होतो. दोघंही रेलिंग धरून, डोळे मिटून उभे. पुण्याकडचं एक जोडपं शेजारी येऊन उभं राहिलं. त्या दिवशी धुकं होतं.

"काका," त्यातल्या मुलानं विचारलं, "इथून काय दिसतं?"

मी तोंड उघडण्याच्या स्थितीत नव्हतो. कुंदानं डोळे न उघडता उत्तर दिलं.

"फार सुंदर दिसतं," ती म्हणाली.